सरोवरकाठचे दीपगृह
(इतिहास व भूगोल यांच्या समन्वित पाठासाठी)

दीपगृह हे समुद्राचेच, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. उत्तर अमेरिकेतील मिशिगन सरोवर गोड्या पाण्याचे, सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर विस्ताराचे आहे. भरती-ओहोटी तेथे जाणवत नाही. वादळे मात्र सागरासारखीच होतात. त्याच्या दक्षिण काठी, इंडियाना राज्यात, एका ओढ्याच्या मुखाशी मिशिगन सिटी हे बंदर वसले. वाळूने मुख वारंवार बुजे, म्हणून पाण्यात दूरवर धक्के बांधावे लागले. नकाशावर हे स्थान दाखवूनच पाठास प्रारंभ करावा.

येथील पहिले दीपगृह १८३७ सालचे. १८५८ मध्ये दुसरे बांधले गेले. घराच्या छपरावरच दिव्याचा मनोरा होता. १८६१ साली तेथे दीपरक्षक म्हणून हॅरिएट कोलफॅक्स या बाईंची नेमणूक झाली. नेमणुकीमागे काँग्रेसचे सभासद असलेल्या त्यांच्या चुलत भावाचे वजन होते, हे लपविण्याचे कारण नाही. पुढची ४३ वर्षे मात्र त्यांची स्वतःची होत. त्यांच्यासोबत राहणाऱ्या ॲन हार्टवेल या शिक्षिका होत्या, हे आपल्या व्यवसायबंधूंना आवर्जून सांगावेसे वाटते.

१८७१ साली धक्क्याच्या टोकावर आणखी एक दिवा आला. त्याच्यापर्यंत उंच लाकडी मार्गिकेवरून चालत जावे लागे. त्या काळी दिव्यात डुकराच्या चरबीचे तेल जाळीत. थंडीत ते गोठते. म्हणून बाई ते चुलीवर तापवून, भांडे हाती घेऊन, लाटांचे फटकारे सोशीत निघत. कधी वाटेतच तेल पुन्हा घट्ट होई, आणि परत फिरून ते नव्याने तापवावे लागे. पाठात मनोऱ्याच्या उंचीपेक्षा या तेलाच्या भांड्याकडेच मुलांचे लक्ष वेधावे, असे माझे मत आहे. खोबरेल तेल हिवाळ्यात गोठते, हा मुलांचा रोजचा अनुभव येथे उपयोगी पडेल. पुढे रॉकेल आले आणि ही यातायात संपली. १८८६ च्या वादळात धक्क्यावरील दिवा वाहून गेला.

दिव्याभोवती फ्रेनेल भिंग असे. काचेच्या वर्तुळाकार पट्ट्या इतस्ततः पसरणारा प्रकाश वळवून क्षितिजाच्या दिशेने पाठवितात. वर्गात मेणबत्ती व साधे भिंग घेऊन हे अंशतः दाखविता येते.

१९०४ साली धक्क्याच्या टोकाशी नवे दीपगृह उभे राहिले. जुने भिंग तेथे नेले. त्याच वर्षी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, कोलफॅक्स निवृत्त झाल्या. १९०५ मध्ये दोघी मैत्रिणी निवर्तल्या. नवे दीपगृह १९३३ साली विजेवर चालू लागले. जुन्या इमारतीत १९७३ पासून संग्रहालय आहे.