मारक पेशींचा विवेक

विषाणू जोपर्यंत रक्तात मोकळा फिरत असतो, तोपर्यंत रक्तातील प्रतिपिंडे त्याला गाठू शकतात. परंतु तो पेशीच्या आत शिरला, म्हणजे प्रतिपिंडांचा उपाय खुंटतो. आत बसून तो त्या पेशीच्याच सामग्रीतून आपल्यासारखे असंख्य विषाणू घडवून घेतो. अशा वेळी ती पेशीच नष्ट करावी लागते. हे कठोर काम मारक टी-पेशी करतात.

पण निरोगी पेशींतून बाधित पेशी ओळखावयाची कशी? शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे एका विशिष्ट रेणूवर ठेवून पृष्ठभागावर मांडीत असते. आत विषाणू असेल, तर त्याच्या प्रथिनांचे तुकडेही तेथे दिसू लागतात. तीच बाधेची खूण होय.

या ओळखीचे मर्म ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे १९७३-७४ साली उलगडले. पीटर डोहर्टी हे ऑस्ट्रेलियन पशुवैद्य आणि रॉल्फ झिंकरनागेल हे स्विस डॉक्टर, उंदरांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका विषाणूचा अभ्यास करीत होते. बाधित उंदराच्या टी-पेशींनी त्याच वंशातील बाधित पेशी मारल्या. परंतु भिन्न वंशाच्या पेशींत तोच विषाणू असूनही त्यांना हात लावला नाही. म्हणजे मारक पेशी केवळ परक्याची खूण पाहत नाही. आपल्या रेणूबरोबर असलेली परक्याची खूण पाहते. या शोधाबद्दल दोघांना १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

इन्फ्लुएंझासारखा विषाणू शरीरात शिरला की, त्याची खूण लसीका ग्रंथींत पोहोचविली जाते. ती ओळखणाऱ्या टी-पेशी आरंभी फार थोड्या असतात. त्या झपाट्याने विभागतात आणि आठवडाभरात एकेकीच्या हजारो होतात. मग त्या रक्तावाटे बाधित जागी जातात. मारक पेशी बाधित पेशीला चिकटते, परफोरिन नावाच्या प्रथिनाने तिच्या आवरणाला छिद्रे पाडते आणि ग्रँझाइम नावाची विकरे आत सोडते. त्यांच्या योगाने ती पेशी स्वतःचाच शेवट घडवून आणते. शेजारची निरोगी पेशी सहसा बचावते.

तथापि हे बळ दुधारी आहे. कॅनबेरा येथे अभ्यासलेला विषाणू स्वतः पेशींची फारशी नासधूस करीत नाही. मेंदूच्या आवरणावर मारक पेशींनी चढविलेल्या हल्ल्यानेच उंदीर दगावतो. म्हणून वेळेवर थांबणेही तितकेच महत्त्वाचे असते. विषाणूचा नायनाट झाला, म्हणजे शंभरांतील सुमारे नव्वद मारक पेशी मरून जातात. उरलेल्या पेशी त्या शत्रूची आठवण वर्षानुवर्षे जपतात आणि तो पुन्हा आल्यास त्वरित सज्ज होतात. नेमके ओळखावे, निर्धाराने लढावे आणि काम संपताच थांबावे, यातच शरीराचे रक्षण आहे.

अभ्यास
१. पेशीत शिरलेल्या विषाणूवर प्रतिपिंडांचा उपाय का चालत नाही?
२. कॅनबेरा येथील प्रयोगातून कोणती गोष्ट सिद्ध झाली?
३. मारक पेशींचे बळ दुधारी का म्हटले आहे? सकारण लिहा.