मोटर काढण्याआधी हवा काढा

विहिरीवर मोटर दणक्यात चालतेय आणि वावरात मात्र करंगळीएवढी धार! असं झालं की गावाचा निकाल ठरलेला: "मोटर गेली." गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या शेतातही तेच झालं. ओढ्याकाठच्या विहिरीपासूनची पाइपलाइन एक टेकाड ओलांडून पलीकडच्या उतारावर जाते. लाइन टाकणाऱ्याने माथ्यावर एअर व्हॉल्व्ह ठेवलाच नव्हता. इंपेलर झिजलं म्हणून मोटर बाहेर काढायची तयारी झाली होती. तेवढ्यात मामा आले.

त्यांनी स्टार्टरवरचा अँपिअरचा काटा पाहिला; नेहमीपेक्षा खाली. डिलिव्हरीवरचं प्रेशर मीटर मात्र वर चढलेलं. "पंप दाबतोय, पण पाणी पुढं सरकंना. हवा धरली, भाच्या."

माथ्यावर पाइप उघडा करून सॅडल बसवली, तिच्यावर अर्ध्या इंचाची तोटी. मोटर चालू करून तोटी सोडली, तशी आधी नुसती फुसफुस, मग पाण्याचे फटकारे आणि शेवटी सलग धार. मग तोटी बंद केली. खालच्या तोंडाला पाणी भरून पडू लागलं.

हवा हलकी, ती उंचवट्यावर जाऊन बसते. पाणी तिच्याखालून पातळ होऊन उतरतं, पाइप भरून वाहत नाही. त्यामुळे पलीकडच्या उताराची ओढ पंपाला मिळत नाही. असे दोन-तीन उंचवटे असले की नुकसानीची बेरीज होत जाते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. उथळ चरातला पाइप त्यात वरखाली होऊन नवे उंचवटे तयार होतात. म्हणून चर खोल घ्या आणि चढ-उतार बघूनच पाइप टाका.

प्रत्येक माथ्यावर एअर व्हॉल्व्ह हवाच. त्याऐवजी उघडी उभी नळी दाब कमी असेल तिथेच चालते. एक किलो दाबाला पाणी जवळपास ३३ फूट चढतं, नळी त्याहून उंच लागते. मोटर बंद झाल्यावर हाच एअर व्हॉल्व्ह हवा आत घेतो, नाहीतर लाइन रिकामी होताना ठिबकचे ड्रिपर चिखल ओढतात.

रिकामी लाइन भरताना डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडाच उघडा ठेवा. एकदम पूर्ण सोडला तर कोंडलेली हवा दबते आणि सांधे निखळतात.

हवा पुन्हापुन्हा धरत असेल तर बहुधा ती सक्शनमधून येते. मोटर चालू असताना सक्शनच्या सांध्यांना साबणाचा फेस लावा. गळका सांधा तो आत ओढतो. विहिरीचं पाणी उतरलं की फूटव्हॉल्व्ह पुरेसा बुडालाय का, तेही बघा.

धार बारीक आणि मीटर वर, तर टेकाडावर जा. धार बारीक आणि मीटरही खाली, तर विहिरीवरचं सक्शन तपासा आणि वाटेतली फूट शोधा. मोटरला हात त्यानंतर लावा.