वेगाचे सारथ्य

दशरथ राजाच्या रथाचे चाक भर रणांगणात निखळू लागले, तेव्हा शेजारी बसलेल्या कैकेयीने आसात आपला हात घालून रथ सावरून धरला, अशी कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. पुढे रथांचा काळ गेला आणि मोटारींचा काळ आला. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०५ च्या सुमारास, जे. आर. डी. टाटा यांच्या मातोश्री सुझान टाटा स्वतः मोटार चालवीत असत. भारतात मोटार चालविणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. त्यानंतर स्त्रियांनी एकेक वाहन आपल्या हाती घेतले. सातारा जिल्ह्यातील सुरेखा यादव १९८९ मध्ये रेल्वेत साहाय्यक चालक झाल्या आणि आशियातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून नावाजल्या गेल्या. २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईस वंदे भारत गाडी आणली आणि २०२५ मध्ये त्या सन्मानाने निवृत्त झाल्या.

तथापि एक आसन अजून असे आहे, की ज्यावर गेल्या जवळजवळ पन्नास वर्षांत एकही स्त्री शर्यतीच्या आरंभी बसलेली दिसली नाही. ते आसन म्हणजे ‘फॉर्म्युला वन’ या जगातील सर्वोच्च मोटारशर्यतीतील चालकाचे. असे का व्हावे? स्त्रीच्या अंगी ते बळ नाही म्हणून, की तेथवर जाणारी वाटच तिच्यासाठी अरुंद आहे म्हणून?

प्रथम त्या वेगाची कल्पना करून पाहू. वाशीम जिल्ह्यातील कारंजा व मालेगाव या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. त्यावर सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा घातलेली आहे. तेवढ्या वेगातही रस्त्याकडेची झाडे झरझर मागे पळतात. फॉर्म्युला वनची मोटार ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. मात्र ती धावते ती शर्यतीसाठी बंदिस्त केलेल्या मार्गावर. रहदारी चालू असलेल्या रस्त्यावर नव्हे.

अशा मोटारीत चालकाला आरामात बसता येत नाही. तो जवळजवळ आडवा पहुडलेला असतो. वळण घेताना त्याच्या अंगावर शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट जोर येतो. डोके आणि शिरस्त्राण मिळून सहा-सात किलो वजन असले, तर त्या क्षणी मानेला तीस किलोच्या आसपास भार पेलावा लागतो. ब्रेक दाबण्यासही पायात मोठी ताकद लागते. उष्ण हवेतील शर्यतीत घामावाटे चालकाचे दोन-तीन किलो वजन घटते. सामान्यतः ३०५ किलोमीटरची ही शर्यत संपेपर्यंत चित्त क्षणभरही ढळून चालत नाही.

एवढे वाचून पुष्कळांना वाटेल, की हे पुरुषाच्याच ताकदीचे काम. परंतु इतिहास निराळे सांगतो.

इटलीतील मारिया तेरेझा दे फिलिपीस यांना त्यांचे भाऊ चिडवीत, की तुला वेगाने गाडी चालविणे कधीच जमणार नाही. त्या चिडविण्यातून पैज लागली. मारियांनी लहानशा फियाट मोटारीत बसून वयाच्या बाविसाव्या वर्षी आपली पहिलीच शर्यत जिंकली. पुढे १९५८ मध्ये बेल्जियममधील शर्यतीत त्या दहाव्या आल्या. फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेत उतरलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. त्याच वर्षी फ्रान्समधील शर्यतीच्या संचालकाने त्यांना प्रवेश नाकारला. स्त्रीने केशभूषेच्या दुकानातील टोपाखेरीज दुसरे शिरस्त्राण घालू नये, असे तो म्हणाल्याचे त्या पुढे सांगत असत. मारियांची गाडी अडली ती शक्ती कमी पडली म्हणून नव्हे, तर दार बंद होते म्हणून.

त्यांच्यानंतर इटलीतूनच लेल्ला लोंबार्डी पुढे आल्या. त्यांच्या वडिलांचे मांसविक्रीचे दुकान होते. त्या दुकानाचा माल पोहोचविणारी गाडी चालविता चालविताच लेल्लांचा हात बसला. १९७५ मध्ये स्पेनमधील बार्सिलोना येथे त्या जागतिक स्पर्धेच्या शर्यतीत सहाव्या आल्या. एका भीषण अपघातामुळे ती शर्यत मध्येच थांबवावी लागली, म्हणून गुण निम्मेच देण्यात आले आणि लेल्लांच्या वाट्याला अर्धा गुण आला. २०२५ च्या हंगामाअखेरही फॉर्म्युला वनमध्ये एखाद्या स्त्रीने मिळविलेला गुण तो एवढाच आहे. १९७६ मध्ये लेल्ला शेवटच्या धावल्या. त्यानंतर काही स्त्रियांनी पात्रता फेरीपर्यंत मजल मारली; परंतु प्रत्यक्ष जागतिक शर्यतीच्या आरंभरेषेवर एकही उभी राहू शकली नाही.

मोटारशर्यतीच्या अन्य प्रकारांत मात्र स्त्रियांनी पुरुषांना मागे टाकलेले आढळते. फ्रान्सच्या मिशेल मूतों यांनी १९८१ मध्ये इटलीतील सान रेमोची रॅली जिंकली आणि १९८२ मध्ये जागतिक रॅली स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळविला. अमेरिकेच्या डॅनिका पॅट्रिक यांनी २००८ मध्ये जपानमधील मोतेगी येथे इंडीकार मालिकेतील शर्यत जिंकली. या शर्यती केवळ स्त्रियांसाठी नव्हत्या. तेथे उत्तमोत्तम पुरुष चालक त्यांच्याशी झुंजत होते.

आपल्या महाराष्ट्रातही असे उदाहरण घडले आहे. पुण्याच्या डायना पंडोल या व्यवसायाने शिक्षिका आणि दोन मुलांच्या आई. वडिलांना मोटारशर्यतींची मोठी आवड होती. तीच आवड लेकीच्या मनात रुजली. परंतु आवड असणे वेगळे आणि मोटार मिळणे वेगळे. २०१८ मध्ये स्त्री-चालकांच्या शोधासाठी घेतलेल्या निवडीत त्यांना संधी लाभली, तोवर त्यांचे बालपण केव्हाच सरले होते. जगातील नामवंत चालक ज्या वयात शर्यती जिंकून मोकळे होतात, त्या वयात डायनांनी आरंभ केला. शाळा, घर, मुले आणि सराव ही चारही ओझी त्यांनी एकदमच उचलली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्या धावपट्टीवर त्यांनी राष्ट्रीय मोटारशर्यत स्पर्धेतील सलून गाड्यांच्या गटाचे विजेतेपद पटकाविले. पुरुषांच्या बरोबरीने धावून मोटारशर्यतीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. परदेशातील शर्यतमालिकेत त्या फेरारी मोटार चालविणार, हेही २०२५ मध्ये जाहीर झाले.

डायनांचे यश थोर आहे. तरीही त्यामुळे फॉर्म्युला वनचे दार उघडले, असे म्हणता येणार नाही. कारण त्या दाराशी जाणारा जिना फार उंच आहे आणि त्याची पहिली पायरी बालपणीच चढावी लागते.

सात-आठ वर्षांची मुले ‘कार्ट’ नावाच्या ठेंगण्या, उघड्या गाडीतून शर्यती खेळू लागतात. तेथून पुढे फॉर्म्युला फोर, थ्री, टू अशा पायऱ्या येतात. शेवटी चालकाजवळ विशेष परवाना असावा लागतो. त्यासाठी सामान्यतः वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि खालच्या शर्यतींतून तीन वर्षांत ४० गुण जमवावे लागतात. प्रत्येक पायरीवर खर्च वाढत जातो आणि तो कोट्यवधी रुपयांच्या घरात पोहोचतो. रेल्वेचालक होण्यासाठी परीक्षा असते. ती उत्तीर्ण होणाऱ्यास रेल्वे शिकविते आणि वेतनही देते. मोटारशर्यतीत मात्र शिकणाऱ्यालाच आधी पैसा उभा करावा लागतो. हा जिना भारतातील मुलग्यांनाही सोपा गेलेला नाही. २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन आणि २०१० मध्ये करुण चंढोक असे दोघेच भारतीय २०२५ पर्यंत फॉर्म्युला वनमध्ये धावू शकले.

मग मुलींची अडचण अधिक का? एका दाखल्याने ते स्पष्ट होईल. समजा, एका गावातील शंभर मुले लहानपणापासून रोज आखाड्यात उतरतात आणि शेजारच्या गावातील पाचच उतरतात. मोठा मल्ल कोणत्या गावातून निघण्याचा संभव अधिक? पहिल्या गावचे पाणी अधिक गुणकारी, असा निष्कर्ष त्यावरून कोणी काढू नये. कार्टच्या धावपट्टीवर मुलग्यांच्या मानाने मुली फारच थोड्या उतरतात. मुलग्याच्या हाती खेळण्यातली मोटार आणि मुलीच्या हाती बाहुली देण्याची चाल जगात सर्वत्र आहे. जी पहिली पायरीच चढली नाही, ती शेवटच्या पायरीवर कशी दिसावी?

बळाचा प्रश्न अगदीच खोटा आहे, असेही नाही. फॉर्म्युला वनच्या मोटारीत स्टिअरिंग फिरविण्यास यंत्राचे साहाय्य असते. परंतु तिच्या खालच्या फॉर्म्युला टू व थ्रीच्या मोटारींत ते नसते. म्हणजे वरच्या पायरीपेक्षा खालची पायरीच दंडांना अधिक जड जाते. यावर उपाय म्हणजे व्यायाम. मान, खांदे आणि दंड कमावता येतात, हे अनेक स्त्री-चालकांनी दाखविले आहे. शिवाय हलक्या चालकाला अवाजवी लाभ मिळू नये, म्हणून २०१९ पासून चालक व त्याचे आसन यांचे मिळून किमान वजन ठरवून दिलेले आहे. ते कमी भरल्यास आसनाजवळ वजने बसवितात. चपळ नजर, धीर, अंदाज आणि यंत्राचे ज्ञान हे गुण तर मुलगा-मुलगी पाहून येत नाहीत.

ही अडचण ओळखून अलीकडे काही प्रयत्न सुरू झाले आहेत. २०१९ ते २०२२ या काळात ‘डब्ल्यू सिरीज’ ही केवळ स्त्रियांची मालिका चालली. पैशाअभावी ती बंद पडली. २०२३ मध्ये ‘एफ वन अकॅडमी’ ही नवी मालिका सुरू झाली. माजी चालक सूझी वुल्फ तिची धुरा वाहतात. पहिल्या तीन वर्षी स्पेनची मार्ता गार्सिया, ब्रिटनची ॲबी पुलिंग आणि फ्रान्सची दोरियान पँ यांनी अनुक्रमे तिचे विजेतेपद मिळविले. स्त्रियांची अशी निराळी शर्यत असावी काय, याविषयी दुमत आहे. वेगळ्या शर्यतीने स्त्रिया वेगळ्याच राहतील, असे काहींना वाटते. इतरांच्या मते सराव, पैसा आणि प्रसिद्धी मिळवून देणारी ती एक जादा पायरी आहे. पायरीवर घर बांधून राहायचे नसते, तिच्यावरून वर जायचे असते, एवढे भान राखले म्हणजे झाले.

तेव्हा स्त्री फॉर्म्युला वनमध्ये येईल काय, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की ती उद्याच येईल असे वचन कोणी देऊ शकत नाही. परंतु ती येऊच शकणार नाही, असे म्हणण्यासही आधार नाही. मोटारीला आपल्या चालकाचे नाव ठाऊक नसते. तिला कळतो तो फक्त त्याचा हात. तो हात मुलीचा असावा असे वाटत असेल, तर आज आठ वर्षांच्या असलेल्या पुष्कळ मुलींना पहिल्या पायरीवर उभे करावे लागेल.

वाशीमच्या रस्त्यांवरून आज अनेक मुली सायकलवरून शाळेत जातात. तोल सांभाळणे, वळणाचा अंदाज घेणे, योग्य वेळी ब्रेक लावणे हे सारथ्याचे पहिले धडे त्या रोज गिरवीत असतात. रस्त्यावर शर्यत लावणारा मात्र शूर नसतो, अविचारी असतो. खरा सारथी वेगाला ताब्यात ठेवतो. वेगाच्या ताब्यात जात नाही.

शब्दार्थ

सारथ्य – रथ किंवा वाहन हाकण्याचे काम. आस – चाक ज्याभोवती फिरते तो दांडा. शिरस्त्राण – डोक्याचे रक्षण करणारे टोप, हेल्मेट. दाखला – उदाहरण. मल्ल – पहिलवान. धुरा वाहणे – मुख्य जबाबदारी सांभाळणे. दुमत – मतभेद.

स्वाध्याय

१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेल्ला लोंबार्डी यांना अर्धाच गुण का मिळाला?
(आ) डायना पंडोल यांनी कोणते विजेतेपद मिळविले?
(इ) खालच्या पायरीच्या मोटारी दंडांना अधिक जड का जातात?

२. आखाड्याच्या दाखल्यातून लेखकाला काय सुचवावयाचे आहे, ते पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.

३. ‘मोटारीला आपल्या चालकाचे नाव ठाऊक नसते. तिला कळतो तो फक्त त्याचा हात.’ या वाक्यांचा आशय स्वतःच्या शब्दांत लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : मजल मारणे, हात बसणे, चित्त ढळणे, धडा गिरविणे.

५. स्त्रियांसाठी निराळी शर्यत असावी काय? वर्गात दोन गट करून दोन्ही बाजू मांडा.