बाबांच्या गाडीचा विमा आणि तू

चि. सायली हिस,


पक्कं लायसन्स हातात आलं, आता बाबांची गाडी तूही चालवणार. गाडीचा विमा भरलेला आहे, म्हणजे त्या बाजूची काळजी मिटली, असं तुम्ही दोघं धरून चालला आहात. ते बरोबर नाही. विमा गाडीचा आहे, तुझा नाही. आपल्याकडे प्रीमियम प्रामुख्याने गाडीची किंमत, तिचं वय, इंजिन आणि नोंदणीचं शहर यांवर ठरतो. घरातलं कोण ती चालवणार, हे सहसा कुणी विचारत नाही. वैध लायसन्स असलेल्या कुणीही बाबांच्या संमतीने गाडी नेली तरी समोरच्याची भरपाई होते, आणि पॉलिसी फर्स्ट पार्टी असेल तर गाडीची दुरुस्तीही. ही सोय मोठी आहे, पण तिच्यामुळेच चालवणाराही त्यात आला असा समज होतो.

पॉलिसीतला ‘मालक-चालक’ अपघात विमा नीट वाच. रक्कम 15 लाख रुपये, पण अटी तीन: गाडी त्या व्यक्तीच्या नावावर हवी, पॉलिसी तिच्याच नावाची हवी आणि लायसन्स वैध हवं. तुझ्याकडे यातली शेवटची तेवढी आहे. उद्या तुझ्याच चुकीने गाडी दुभाजकावर आदळली आणि तुला इजा झाली, तर या विम्यावर तुला हक्क सांगता येणं कठीण. थर्ड पार्टी विम्याचाही आधार नाही. मालकाकडून गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली निंगम्मा खटल्यात म्हटलं आहे. म्हणजे तू त्रयस्थ ठरत नाहीस. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला त्या पॉलिसीचं संरक्षण आहे आणि गाडी चालवणाऱ्या घरच्या मुलीला नाही, ही गोष्ट मला फार खटकते. म्हणून स्वतःच्या नावाचा वैयक्तिक अपघात विमा घे. कायमच्या अपंगत्वाची भरपाई त्यात आहे ना, हे आधी पाहा.

आरोग्य विमा आहेच की, असं तू म्हणशील. तो रुग्णालयाचं बिल भरतो. हात निकामी होऊन नोकरी सुटली तर पुढच्या वर्षांचा पगार भरत नाही. बाबांच्या पॉलिसीत तुझं नाव घालून काही रकमेचं संरक्षण जोडता येतं, हेही खरं. पण ते त्या गाडीपुरतं. मैत्रिणीची गाडी चालवताना किंवा दुचाकीवर बसल्यावर त्याचा उपयोग नाही.

दुसरी बाब बाबांच्या खिशाची. क्लेम न करता वर्षं गेली की नो क्लेम बोनस 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्क्यांपर्यंत चढतो. तो बाबांनी कमावलेला आहे आणि तुझ्या एका क्लेमने तो शून्यावर येऊ शकतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ प्रीमियम 12,000 रुपये धर. 50 टक्के सवलतीने बाबा 6,000 भरतात. बोनस गेला की पुढची पाच वर्षं अनुक्रमे 12,000, 9,600, 9,000, 7,800 आणि 6,600 भरावे लागतील. म्हणजे एकूण 15,000 रुपये जास्त. गाडी जुनी होईल तसा मूळ प्रीमियम उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा कमी येईल. तरीही बंपरच्या 8,000 च्या कामासाठी क्लेम करणं तोट्याचंच. असा खर्च तू आपल्या पगारातून द्यायचा, हे आजच ठरवून टाका. मोठं नुकसान झालं तर मात्र संकोच न करता क्लेम करा. विमा त्यासाठीच असतो.

मी सावकाश चालवते, मला कशाला एवढं, हा तुझा आक्षेप मला ठाऊक आहे. तुझ्या सावधपणाबद्दल मला शंका नाही. पण ओल्या रस्त्यावर घसरलेली गाडी तो विचारात घेत नाही, आणि पॉलिसीच्या अटीही नाहीत.

तेव्हा बाबांकडून पॉलिसीची प्रत मागून घे, मालक-चालकाचं कलम दोघं मिळून वाचा, आणि स्वतःचा अपघात विमा काढल्यावरच किल्ली हातात घे.

तुझा,
मामा