धुराडे आणि चिमणी : एक शब्दपाठ
(इयत्ता चौथी ते सातवीच्या मराठी अध्यापनासाठी)

पाठ्यपुस्तकात नवा शब्द आला की त्याचा अर्थ फळ्यावर लिहून देणे व तो पाठ करवून घेणे, एवढ्यावर पुष्कळ वर्गांत शब्दशिक्षण थांबते. त्यामुळे शब्द मुलांच्या वहीत जातो, पण बुद्धीत रुजत नाही. शब्दाचे घर, त्याचे नातलग आणि त्याचा प्रवास दाखविला तर तोच शब्द भाषेबरोबर व्यवहाराचेही ज्ञान देतो. धूर बाहेर जाण्याच्या वाटेला मराठीत जी नावे आहेत, ती अशा पाठासाठी फार सोयीची आहेत.

१. वस्तूपासून आरंभ

पाठाचा आरंभ प्रश्नाने करावा : "तुमच्या घरी चुलीचा धूर कोठून बाहेर जातो?" उत्तरे निरनिराळी येतील. कोणी कौलांच्या फटी सांगेल, कोणी झरोका, कोणी खिडकी. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांत छतालाच एक भोक ठेवलेले असते. त्याला साणे म्हणतात. बोलीत सानं, सवणं अशीही रूपे ऐकू येतात. मुलाने हा शब्द सांगितला तर तो अशुद्ध म्हणून खोडू नये. उजेड आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी अशी ती एकच जागा आहे, आणि तिच्यासाठी इतका नेमका दुसरा शब्द पुस्तकी मराठीत सहज सापडत नाही. घरातला शब्द शाळेत चुकीचा ठरला, की मूल पुढच्या वेळी उत्तरच देत नाही. ही हानी एका शब्दाची नसते.

२. धुराडे

धूर या शब्दापासून धुराडे झाले. धूर वर नेणारी, भिंतीतून किंवा छतातून काढलेली बंद वाट म्हणजे धुराडे. धुरकट, धुरी, धुरकटणे ही याच घरातील मंडळी. आगगाडी आणि कापडगिरणी आल्यावर हा घरगुती शब्द त्यांनाही लागू झाला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली. त्यानंतर 'इंजिनाचे धुराडे', 'गिरणीचे धुराडे' हे प्रयोग मराठीत रूढ झाले. सतत विडी ओढणाऱ्यास 'तोंडाचे धुराडे केले आहे' असे म्हणतात, तो या अर्थाचा लाक्षणिक विस्तार होय.

येथे दोन गोंधळ टाळावेत. धुरळा किंवा धुराळा हा शब्द धुळीचा आहे, धुराचा नव्हे. आणि 'कामाची धुरा' यातील धुरा संस्कृत 'धुर्' म्हणजे जू यावरून आली आहे. धुरीण हा तिचा नातलग. न्यायशास्त्रात डोंगरावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. पण धुळीचा लोट पाहून तो धूर मानला तर अनुमान फसते. शब्दांच्या बाबतीतही नियम हाच आहे.

३. चिमणी

फळ्यावर 'चिमणी' हा एकच शब्द लिहून मुलांकडून अर्थ काढून घ्यावेत : पक्षी, कंदिलाची काच, रॉकेलचा लहान दिवा, आणि कारखान्याचे धुराडे. मग विचारावे : हे सर्व एकाच शब्दाचे अर्थ आहेत काय?

पक्ष्याचे नाव मराठी आहे. चिमणा म्हणजे लहानगा; चिमणे बाळ, चिमुकला, चिमुरडी हे शब्द त्याच्या जवळचे. धुराड्याच्या अर्थाची चिमणी मात्र इंग्रजीतून आली. तिचा उगम ग्रीक 'कामिनोस' म्हणजे भट्टी येथे आहे. तेथून लॅटिन 'कामिनुस', मग 'कामिनाता' म्हणजे शेकोटीची खोली, त्यातून फ्रेंच 'शमिने' आणि त्यातून इंग्रजी 'चिमनी'. इंग्रजीतही आरंभी तिचा अर्थ शेगडी असाच होता. पुढे तो विस्तवावरून सरकून धुराच्या वाटेवर स्थिरावला. अठराव्या शतकाच्या अखेरीस आर्गां याने दिव्यावर नळीसारखी काच बसविली. ती ज्योतीकडे हवा ओढून घेते, म्हणजे धुराड्याचेच काम करते. म्हणून त्या काचेसही इंग्रजीत तेच नाव मिळाले.

'धुराड्यात चिमण्या घरटे करतात म्हणून ते नाव पडले' असे एखादा चुणचुणीत विद्यार्थी सांगेल. त्याचे कौतुक करावे, पण असल्या कल्पनेला लोकव्युत्पत्ती म्हणतात हेही सांगावे. चूल आणि चिमणी यांचेही नाते नाही. चूल संस्कृत 'चुल्ली'पासून आली. उलट संस्कृत 'धूम' आणि लॅटिन 'फूमुस' हे कानाला वेगळे वाटले तरी एकाच मूळ शब्दाची लेकरे आहेत. सारखा नाद हा नात्याचा पुरावा नव्हे आणि वेगळा नाद हा परकेपणाचा पुरावा नव्हे, एवढे मुलांना कळले तरी पाठ सफळ झाला.

वरच्या वर्गांत आणखी एक जोडी सांगता येईल. धुराड्याच्या आतील पोकळ वाटेला इंग्रजीत 'फ्लू' म्हणतात; या शब्दाच्या उगमाविषयी कोशकारांत एकमत नाही. तापाचा 'फ्लू' वेगळा. तो 'इन्फ्लुएंझा' या इटालियन शब्दाचा संक्षेप असून त्याचा मूळ अर्थ प्रभाव असा आहे. तसेच संस्कृत 'वातायन' म्हणजे वाऱ्याची वाट, 'गवाक्ष' म्हणजे बैलाचा डोळा, आणि इंग्रजी 'विंडो' म्हणजे जुन्या नॉर्स भाषेतील वाऱ्याचा डोळा. दूरदूरच्या माणसांनी घराच्या भोकाला डोळाच म्हटले, ही गोष्ट मुलांना आवडते.

४. शब्दाकडून जीवनाकडे

ऊन हवा हलकी होऊन वर जाते व तिची जागा खालची थंड हवा घेते. नळी जितकी उंच व उबदार, तितकी ओढ अधिक. वळणे आणि साचलेली काजळी ही ओढ कमी करतात. वर्ध्याच्या मगनवाडीत तयार झालेली मगन चूल आणि हैदराबाद येथे १९५३ च्या सुमारास एस. पी. राजू यांनी प्रसृत केलेली निर्धूर चूल याच तत्त्वावर होत्या. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ मध्ये संपला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस घरोघर पोहोचला, तरी अनेक घरांत चूल अजून पेटतेच. घरातील धुराच्या प्रदूषणामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीजवळ अभ्यासास बसणाऱ्या मुलीचे डोळे का चुरचुरतात, याचे उत्तर या शब्दपाठात आहे.

५. स्वाध्याय

(१) धुराची वाट, खिडकी व झरोका यांना घरातील वडीलधारी माणसे कोणते शब्द वापरतात ते विचारून लिहा.
(२) 'चिमणी' हा शब्द चार अर्थांनी वाक्यांत वापरा.
(३) धुराडे, धुरळा, धुरा, धुरी यांपैकी एका घरातले कोणते? कारण सांगा.
(४) आपल्या घरातील चुलीचा धूर कोणत्या वाटेने जातो त्याची आकृती काढा. वाट कोंदली असेल तर वडिलांच्या मदतीने ती मोकळी करा.

पहिल्या स्वाध्यायातून जमलेले शब्द शिक्षकाने एका वहीत गावाच्या नावासह उतरून ठेवावेत. माळवदे पाडून स्लॅबची घरे होत आहेत. साणे बुजले की त्याचा शब्दही बुजतो. शाळेच्या वहीत तरी तो राहावा.