घरच्या शिलाई मशीनवर मोठी गोधडी



दुसरबीड येथील शिवणवर्गात मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे: "ताई, ब्लाउज जमला, परकर जमला, पण वाकळ मशीनखाली जातच नाही, तिचं काय करू?" या अंकातील पाठ त्याच प्रश्नाविषयी आहे.

प्रश्न साधा वाटला तरी त्यामागे पोटाचा विचार आहे. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी आटोपली की शेतमजूर भगिनींच्या हाताला काम उरत नाही. काही कुटुंबे ऊसतोडीला जातात. जी मागे राहतात, त्यांच्यासाठी गोधडी हे घरबसल्या करता येणारे काम आहे. कापड जुने, मशीन घरचे, आणि मागणी बारा महिने. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील पाड्यांवर, थंडीत गोधडी ही शोभेची वस्तू नसते. ती रात्र काढण्याची सोय असते.

गोधडीला कमी लेखू नये. याच वऱ्हाडात 1876 साली जन्मलेले गाडगे महाराज चिंध्या जोडलेले वस्त्र अंगावर वागवीत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. आपण पवित्र शास्त्रात टबीथा, म्हणजेच दुर्कस, हिच्याविषयी वाचतो (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 9). यापो गावी ती मरण पावली तेव्हा विधवांनी पेत्राला तिची स्तुती नुसती ऐकवली नाही, तर तिने शिवलेले कपडे पुढे धरले. तिच्या हातचे कामच तिच्या वतीने बोलले.

अडचण नेमकी कोठे आहे?

सुईपासून मशीनच्या उजव्या खांबापर्यंतचे अंतर मोजून पाहा. घरगुती मशीनवर ते साधारण सहा-सात इंच भरते. मोठी गोधडी पाच फूट रुंद आणि सात फूट लांब असते. सुईच्या डावीकडे कितीही कापड राहिले तरी हरकत नाही. उजवीकडचे सारे मात्र त्या सहा-सात इंचांतून गेले पाहिजे. एका कडेपासून सुरुवात केली तर शेवटी जवळपास पाच फुटांची गुंडाळी तेथे कोंबावी लागते. मध्यापासून सुरुवात केली तर जास्तीत जास्त अडीच फूट. सारी युक्ती येथेच आहे.

पायरी पहिली: थर निवडणे

सहावारी साडीत सात फुटांचे दोन तुकडे निघतात आणि चार फुटांच्या आसपास उरते. नऊवारीत तीन तुकडे निघतात. पाच फुटांच्या रुंदीला एका साडीचा पन्हा पुरत नाही, म्हणून जोड द्यावा लागतो. एका थराचा जोड डावीकडे आला तर दुसऱ्याचा उजवीकडे येऊ द्या. सगळे जोड एकावर एक आले की जाडी वाढते आणि सुई तुटते. हाताने शिवताना सहा-सात थर चालतात. मशीनला चार-पाच पुरे. साड्या धुऊन, खळ काढून, फॉल उसवून घ्या. नायलॉनची साडी आत घातली तर थर घसरतात. आतले थर शक्यतो सुतीच असावेत.

पायरी दुसरी: कच्चे टाके

सारवलेल्या अंगणात किंवा फरशीवर सर्वांत खालचा थर ताणून पसरा आणि चारही कोपऱ्यांवर वजन ठेवा. एकेक थर मधून कडेकडे हात फिरवत बसवा. मग मध्यापासून बाहेर, वितीवितीच्या अंतरावर लांब कच्चे टाके घाला. हा अर्धा दिवस वाचवू नका. चुण्या येथे गेल्या नाहीत तर पुढे मशीनखाली जात नाहीत.

पायरी तिसरी: मशीनची तयारी

सुई 16 नंबरची, थर जाड असतील तर 18. टाका मोठा करा, इंचाला सात-आठ बसतील असा. वरच्या दोऱ्याचा ताण आणि फूटचा दाब थोडा सैल करा. उरलेल्या तुकड्यांचे तेवढेच थर घेऊन आधी टीप मारून पाहा. मशीनच्या डावीकडे व मागे बाज, पेटी किंवा टेबल लावा. गोधडी खाली लोंबली तर तिच्या वजनाने सुई ओढली जाते, आणि दोष मात्र आपण मशीनला देतो.

पायरी चौथी: मध्यापासून टीप

उजवी बाजू घट्ट गुंडाळून दोन-तीन ठिकाणी सुतळीने बांधा आणि खांबाच्या आत सरकवा. पहिली टीप बरोबर मध्यावर. पुढच्या टिपा तीन-तीन इंचांवर उजवीकडे. दर टिपेला गुंडाळी लहान होत जाते. उजवी बाजू संपली की गोधडी फिरवा आणि दुसरा अर्धा भाग तसाच मध्यापासून शिवा. एका अर्ध्या भागातल्या सगळ्या टिपा एकाच टोकाकडून सुरू करा. उलटसुलट मारल्या की कापड तिरके ओढले जाते. कापड हाताने ढकलू नका, फक्त वाट दाखवा.

हिशेब असा: तीन इंचांवर 19 टिपा, प्रत्येकी सात फूट, म्हणजे 133 फूट शिवण. अर्ध्या इंचावर हाताने शिवायचे तर 119 ओळी, म्हणजे 833 फूट. मशीनने वेळ वाचतो तो असा. हातच्या गोधडीचा मऊपणा मात्र वेगळाच. तिची किंमतही वेगळी धरावी.

गुंडाळी तरीही मावत नसेल तर

दोन मार्ग आहेत. पहिला, वीस-वीस इंचांच्या तीन पट्ट्या वेगवेगळ्या शिवा. कडेला दीड इंच टीप न मारता सोडा. नंतर वरचे थर मशीनने जोडा, आतले जादा कापा, आणि मागची कड दुमडून हाताने टाचा. दुसरा मार्ग गाठींचा. अमेरिकेतील लुथरन मंडळ्यांतील भगिनी अनेक वर्षे साठ बाय ऐंशी इंचांच्या गोधड्या शिवून जगभरच्या गरजूंना पाठवत आल्या आहेत. त्यांतील पुष्कळ गोधड्यांना टिपांऐवजी ठरावीक अंतरावर पक्क्या गाठी असतात.

शेवटी कडेला साडीच्या काठाचा गोट लावा. कड सर्वांत आधी झिजते.

आपण काय करू शकतो?

साड्या देताना सुती, धुतलेल्या, न विरलेल्या द्या. हाताने सहज फाटणारी साडी गोधडीत एक थंडीही टिकत नाही. गोधडी विकत घेताना कापड जुने म्हणून भाव पाडू नका; किंमत कापडाची नसून दिवसांची असते. शिवणाऱ्या भगिनींनी पसरणे, टाचणे, शिवणे यांचे तास वहीत लिहावेत आणि तेवढ्या तासांची शेतातली मजुरी किती झाली असती, ते पाहून दर सांगावा. त्याखाली उतरू नये.

महिला मंडळात चर्चेसाठी

1. आपल्या मंडळीत वापराविना पडलेली किती मशीन आहेत?
2. हाताने गोधडी शिवणाऱ्या आजींकडून तरुण मुलींनी काय शिकून घ्यावे?
3. येत्या थंडीआधी आपण किती गोधड्या मजुरी देऊन शिवून घेऊ शकतो?