अंतरपाट दूर होतो तेव्हा हातात कोणती लेन्स?

तुळशीची लग्नं जवळ आली की माझ्या स्टुडिओत दोन प्रकारची माणसं यायला लागतात. पहिली म्हणजे मुहूर्त पक्का झाल्यावर ऑर्डर द्यायला आलेली मंडळी. दुसरी म्हणजे नुकताच कॅमेरा घेतलेली तरुण पोरं. पोरांचा प्रश्न ठरलेला असतो. ‘दादा, कंपनीची २४-७० एफ २.८ एकच घेऊन टाकू, की तेवढ्याच पैशांत ३५, ५० आणि ८५ अशा तीन प्राइम घेऊ?’ विचारणाऱ्याच्या खिशात बहुतेक वेळा पतसंस्थेचं कर्ज असतं. त्यामुळे चहा पाजून ‘दोन्ही चांगल्या’ असं सांगून वाटेला लावणं मला जमत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एकट्याने लग्न काढणार असाल तर झूमच घ्या. पण सगळा पैसा त्या एका लेन्समध्ये अडकवू नका.

अंतरपाट दूर होतो तो क्षणच घ्या. शेवटचं मंगलाष्टक चालू असतं, लोकांच्या मुठीत अक्षता असतात, मामा मागे उभे असतात. स्टेजच्या एका कडेला, दोन आत्या आणि व्हिडिओवाला यांच्या मधे, तुम्हाला जेमतेम पाऊल ठेवण्यापुरती जागा मिळालेली असते. पुढच्या दहा-पंधरा सेकंदांत तीन फोटो हवे असतात: उडालेल्या अक्षतांसकट अख्खं स्टेज, पाट सरकताना एकमेकांकडे बघणारे दोघं, आणि मग नुसता मुलीचा चेहरा. झूमवर हे २४, ४० आणि ७० असं मनगटाच्या एका वळशात होतं. ८५ लावून उभे असाल, तर फुल फ्रेमवर दोन मीटरवरून जेमतेम ८५ सेंटिमीटर रुंदीचं दृश्य मिळतं. म्हणजे एक माणूस, तोही कमरेच्या वरचा. त्यात हल्ली हार घालायच्या वेळी मित्रमंडळी नवरदेवाला उचलून धरतात. तो फ्रेमच्या वर निघून गेला की तुमच्या हाती त्याचं धोतर उरतं.

‘मग लेन्स बदलायची’ असं पोरं म्हणतात. बदलायची तर बदला. पण एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात लेन्स, दोन झाकणं दातांत, आणि वरून अक्षता पडताहेत, असा तो प्रकार असतो. हळदीत किंवा होमाच्या धुरात बॉडी उघडी करणं म्हणजे सेन्सर साफ करायचा खर्च ओढवून घेणं. जेजुरीला सोमवतीच्या दिवशी भंडारा उधळत असताना किंवा गणपतीच्या मिरवणुकीत गुलालात लेन्स बदलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. ज्याने एकदा बदलली, त्याने पुन्हा बदलली नसणार.

प्राइमची बाजू घेणारे दोन गोष्टी सांगतात: वजन कमी आणि उजेड जास्त. वजनाचं तपासून बघा. कॅननची २४-७० एल दोन नंबरची साधारण ८०५ ग्रॅमची आहे. त्याच कंपनीच्या ३५ एफ २, ५० एफ १.८ आणि ८५ एफ १.८ या तिघी मिळून ९२० ग्रॅम भरतात. म्हणजे खांद्यावरचं ओझं कमी होत नाही, फक्त मनगटावरचं होतं. तेही कमी महत्त्वाचं नाही म्हणा. निकॉनची व्हीआरवाली २४-७० एक किलोच्या वर जाते. बॉडी आणि फ्लॅश धरून अडीच किलोच्या घरातली वस्तू सकाळच्या सीमांतपूजनापासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत उचलायची असते.

उजेडाचं मात्र खरं आहे. एफ २.८च्या मानाने एफ १.८ला सुमारे अडीच पट उजेड आत येतो. जिथे झूमवर आयएसओ ६४०० लावावा लागतो, तिथे प्राइमवर २५००मध्ये भागतं. गोरज मुहूर्ताचं लग्न असेल आणि मांडव उघड्यावर असेल, तर दर पाच मिनिटांनी उतरणाऱ्या उजेडात हा फरक अंगावर येतो. लॉन्सवर रात्री छत नसतं, फ्लॅश उडवून परत आणायला काही नसतं, तिथेही प्राइम हात देते. पण पांढऱ्या छताच्या साध्या मंगल कार्यालयात फ्लॅश छतावर मारला की एफ ४लाही फोटो निघतो. तिथे एफ १.८चे जास्तीचे पैसे बॅगेत नुसते पडून राहतात. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला ते कळत नाही. लेन्स मोठी उघडते म्हणून शटर १/४००वर नेलं, की फोटोत काळे-पिवळे आडवे पट्टे येतात. अशा हॉलमध्ये १/१००वर राहणंच बरं, आणि एकदा १/१००वर राहायचं ठरलं की एफ १.८चा अर्धा तोरा तिथेच उतरतो.

आणि एक बारीक गोष्ट, जी मराठी लग्नातच कळते. मुंडावळ्या. नवरीचा चेहरा थोडा वळलेला, मोत्यांच्या सरी गालावरून डोळ्यापुढे लोंबताहेत, तुम्ही ८५वर एफ १.८ला, दोन मीटरवर. या अंतरावर फोकसची खोली साधारण सहा सेंटिमीटर, म्हणजे पुढे तीन आणि मागे तीन. कॅमेऱ्याने मोती पकडले तर डोळा मऊ पडतो. पाठच्या छोट्या स्क्रीनवर सगळं छान दिसतं. घरी मोठ्या स्क्रीनवर बघितलं की मोत्याचं छिद्रसुद्धा मोजता येतं आणि पापण्या धुरकट. नव्या मिररलेस बॉड्यांचा डोळा शोधणारा फोकस यात बराच सुधारला आहे, तरी लोंबती सर मधे आली की तोही चकतो. मी अशा वेळी एफ २.८ला येतो आणि खटाखट चार-पाच फ्रेम घेतो. म्हणजे एफ १.८चे पैसे भरून पुन्हा झूमच्याच आकड्यावर. दोन ओळींचा कौटुंबिक फोटो तर एफ ५.६ला जाऊनच काढावा लागतो, लेन्स कोणतीही असो.

इतकं झूमचं कौतुक केल्यावर आता ‘पण एकच नको’ हे का, ते सांगतो. हायवेलगतच्या एका लॉन्सवर रिसेप्शन होतं. व्हिडिओवाल्याच्या लाइटचा स्टँड स्टेजसमोर होता आणि त्याची वायर गवतातून जनरेटरकडे गेलेली. पाहुण्यांतल्या एका आजोबांचा पाय वायरीत अडकला. आजोबांना दोघांनी वरच्यावर सावरलं. स्टँडला सावरायला कुणी नव्हतं. तो माझ्या खांद्यावर आला आणि कॅमेरा लेन्सच्या तोंडावर स्टेजच्या पायरीला आपटला. हूड फुटला. बॉडीला ओरखडाही नाही, पण झूमची रिंग ४०च्या आसपास अडकली ती अडकलीच, आणि फोकस नुसता मागेपुढे घुरघुरत राहिला.

समोर भेटीसाठी रांग लागलेली. व्हिडिओवाला भला माणूस, त्याने लगेच आपली लेन्स पुढे केली. पण त्याचा कॅमेरा सोनीचा, माझा कॅननचा. माउंट वेगळे, त्यामुळे त्याची लेन्स मला शोभेपुरतीच. बॅगेच्या कोपऱ्यात ५० एफ १.८ पडलेली होती. प्लॅस्टिकची, अवघी १६० ग्रॅमची, जिला आमच्यातले बरेच जण खेळणं म्हणतात. उरलेलं रिसेप्शन त्या खेळण्याने तारून नेलं. दोघातिघांचे फोटो तर उत्तम आले. अडलं ते मामाकडच्या अख्ख्या घराण्याच्या फोटोला. दोन ओळींत उभी राहिलेली वीस-बावीस माणसं म्हणजे साडेपाच मीटर तरी रुंदी. ५०मध्ये ती बसवायला साडेसात मीटर मागे जावं लागतं, २४मध्ये पावणेचार मीटर पुरतात. माझ्या पाठीशी खुर्च्यांची रांग आणि तिच्यावर ताटं घेऊन बसलेल्या बायका. शेवटी घराण्याचे दोन तुकडे करून फोटो काढले. मुलीच्या काकांनी ते बोलूनही दाखवलं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

दुरुस्तीला दिलेली लेन्स लग्नसराई उलटल्यावर हातात आली. मधल्या ऑर्डरी भाड्याच्या लेन्सवर पार पाडल्या. दुरुस्तीचा खर्च आणि भाडं यांची बेरीज केली तर चांगली ८५ आली असती. तेव्हापासून मी यजमानांचा ॲडव्हान्स घेण्याआधी स्वतःला एवढंच विचारतो: यातली कोणतीही एक वस्तू आत्ता बंद पडली, तर मी पुढचा तास काढू शकतो का? उत्तर ‘नाही’ असेल तर नवी भारी लेन्स नको, आधी दुसरी साधी बॉडी आणि एक स्वस्त प्राइम हवी. सामानाचा विमाही उतरवून ठेवा, आणि त्यात पडझड धरली आहे का हे सही करण्याआधी वाचा.

क्रॉप बॉडीवाल्यांनी आणखी एक हिशेब करावा, कारण त्यांची खरी फसगत इथे होते. फुल फ्रेमवर २४ मिलिमीटरला बारा फुटांवरून साधारण अठरा फूट रुंदी मिळते. तीच लेन्स निकॉन किंवा सोनीच्या क्रॉप बॉडीवर लावली की ती ३६सारखी वागते आणि बाराच फूट मिळतात. कॅननवर त्याहूनही थोडं कमी. गावच्या कार्यालयातलं स्टेज, मधे सोफा, दोन्ही बाजूंना फुलांची सजावट, यांत बारा फुटांत काय मावणार? दोन लाखांची लेन्स लावून माणूस मोबाइलवर ग्रुप फोटो काढताना मी पाहिला आहे. क्रॉपवर असाल तर त्या बॉडीसाठीच बनवलेली १७-५० किंवा १७-५५ एफ २.८ बघा. किट लेन्स ५५ला एफ ५.६पर्यंतच उघडते, तिथून एफ २.८ला आलात की उजेड चौपट होतो. एफ २.८वरून एफ १.८ला जाण्यापेक्षा ही उडी मोठी आहे आणि स्वस्तही.

झूम ‘प्रीमियम’च हवी का, या प्रश्नाला माझं उत्तर दरवेळी नाही असंच आलं आहे. कंपनीची स्वतःची एफ २.८ झूम दीड-दोन लाखांच्या घरात जाते. टॅमरॉन किंवा सिग्माची जवळपास निम्म्यात मिळते. टॅमरॉनची सोनीसाठीची २८-७५ २०१८ साली आली, ती फक्त ५५० ग्रॅमची. तिच्यात २४ ते २८ एवढा तुकडा नाही, तो अरुंद हॉलमध्ये खुपतो, पण अल्बम बघणाऱ्या सासूबाईंना काचेवरचा लाल पट्टा दिसत नाही. जुनी घ्यायची तर सध्या दिवस चांगले आहेत. कॅनन आणि निकॉन दोघंही २०१८मध्ये फुल फ्रेम मिररलेसकडे वळले, तेव्हापासून डीएसएलआरच्या भल्या भल्या लेन्स बाजारात येताहेत. कॅननची जुनी ईएफ लेन्स ॲडॉप्टर लावून नव्या बॉडीवर व्यवस्थित चालते. निकॉनवाल्यांनी जपावं: मोटर नसलेल्या जुन्या डी मालिकेच्या लेन्स झेड बॉडीवर एफटीझेड ॲडॉप्टर लावूनही आपोआप फोकस होत नाहीत.

मुंबईला बोराबाजारात जा किंवा गावातल्या ओळखीच्याकडून घ्या, पण मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारून पुढून आत बघितल्याशिवाय पैसे काढू नका. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातला किंवा मुंबईतला पावसाळा कपाटात काढलेल्या लेन्सला ती हटकून लागते. झूमची रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. मधेच जड लागली किंवा खरखरली तर लेन्स कधीतरी पडलेली आहे असं समजा. नवी घेताना पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी. चार हजार वाचवायला ग्रे माल घेतलेल्यांची गाऱ्हाणी मी दर सीझनला ऐकतो.

मग फक्त प्राइमवर काम कुणी करावं? ज्याच्याकडे दोन बॉड्या आहेत आणि ट्रॅडिशनल काढायला दुसरा माणूस आहे, त्याने खुशाल करावं. एका खांद्यावर ३५, दुसऱ्यावर ८५, आणि ग्रुप फोटोची जबाबदारी नाही: कँडिडवाल्याला याहून सुखाचं काही नाही. सत्कार, व्याख्यान, शाळेचं गॅदरिंग यांत मात्र तीन प्राइमही कमी पडतात आणि २४-७०ही. पाचव्या रांगेतून वक्त्याचा चेहरा हवा तर ७०-२००च लागते. ती विकत घेण्यापेक्षा त्या दिवसापुरती भाड्याने आणा.

पैसे भरण्याआधी संगणकावर आपलेच मागच्या वर्षीचे, अल्बमसाठी निवडलेले फोटो उघडा आणि ते कितव्या मिलिमीटरवर काढले आहेत ते बघा. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो आकडा असतो. बहुतेक फोटो ३५च्या आसपास निघाले तर तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं असू शकतं, आणि ते बरोबर असेल. आणि लेन्स कोणतीही घ्या, तिला पहिल्यांदा एखाद्या बारशाला किंवा वाढदिवसाला न्या. नवी लेन्स थेट मुहूर्तावर काढू नका.